शाळेच्या स्टाफला आत्महत्येचा धोका ओळखायला शिकवायचंय: तीन तासांत काय घ्यावं?

उपक्रम_समन्वयक

आमच्याकडे आठवी ते बारावीचे वर्ग आहेत. शिक्षक, कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिपाई आणि बसमधल्या ताई धरून साठेक जणांचा स्टाफ आहे. किशोरवयीन मुलांमधला आत्महत्येचा धोका वेळीच ओळखायचा कसा आणि पुढे काय करायचं, यावर सगळ्यांचं प्रशिक्षण ठरलंय. सलग तीन तास मिळालेत, नंतर कधीतरी आणखी एक तास मिळेल. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येतात.

तयार सादरीकरणं भरपूर मिळतात. बहुतेकांत आकडेवारी, कारणं, लक्षणांची लांबलचक यादी आणि शेवटी 'मुलांशी संवाद साधा'. हे ऐकून शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले तर नेमकं काय वेगळं करतील, ते मला त्यातून दिसत नाही. म्हणून थेट विचारतो. तीन तासांची वाटणी कशी करावी? 'असं विचारलं तर मुलांच्या डोक्यात नको तो विचार घातल्यासारखं होईल' ही शिक्षकांची भीती कशी काढावी? मूल 'हो' म्हणालं तर पुढच्या अर्ध्या तासात कुणी काय करायचं? आणि सगळ्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेणं कितपत उपयोगाचं?

मधली_सुट्टी

सर, एक काम प्रशिक्षणाच्या आधीचं आहे. समुपदेशक नसलेल्या दिवशी एखादी मुलगी ग्रंथपालांना म्हणाली, 'मला जगायचंच नाहीये', तर ग्रंथपालांनी कुणाकडे जायचं, हे आज कागदावर लिहिलेलं आहे का? नसेल तर ते तीन तास पुढे ढकला आणि आधी तो कागद करा. लक्षणं शिकवली की मुलांची नावं येऊ लागतात. ती घ्यायला कुणी नसलं तर शिक्षक एकटा पडतो, मुलाला तीच गोष्ट तीन जणांना सांगावी लागते, आणि पुढच्या वेळी दोघंही गप्प बसतात.

त्या कागदावर एक नाव पुरत नाही. किमान दोन, शक्यतो तीन जबाबदार व्यक्ती ठरवा, आणि शाळा भरलेली असेल त्या प्रत्येक तासाला त्यांतली एक तरी आवारात असेल असं वेळापत्रक बसवा. त्यांचे मोबाइल क्रमांक, कोणत्या खोलीत बसायचं, मानसोपचार विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा क्रमांक आणि संकटकाळची हेल्पलाइन एकाच पानावर हवी. भारतात टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. तो खरंच लागतो का, कोणत्या भाषेत बोलतात, हे जबाबदार व्यक्तींनी आधी स्वतः लावून पाहावं.

आता १८० मिनिटांची वाटणी. प्रस्तावना १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे दोन आकडे पुरतात: जगात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक माणसं आत्महत्येने मरतात, आणि १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांत तिचा क्रमांक तिसरा आहे. धोक्याच्या खुणांना ४० मिनिटं, प्रश्न कसा विचारायचा ते करून दाखवायला ३०, गटात सरावाला ६०, वर सांगितलेल्या कागदाला २५, आणि मध्ये १० मिनिटं विश्रांती. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: प्रस्तावनेलाच दीड तास जातो आणि सराव 'वेळेअभावी' गळतो. काही कापायचंच झालं तर प्रस्तावना कापा.

खुणा शिकवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा: पार्श्वभूमी, निमित्त आणि ताजी चिन्हं. पार्श्वभूमी म्हणजे आधी केलेला प्रयत्न, नैराश्य, व्यसन, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, कुटुंबात कुणाचा आत्महत्येने झालेला मृत्यू, आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत म्हणून होणारा छळ. ही वर्षानुवर्षं असते. तिच्यावरून कुणाकडे जास्त लक्ष ठेवायचं ते कळतं, आज धोका आहे का ते कळत नाही. निमित्त म्हणजे नुकताच बसलेला धक्का: निकाल, चारचौघांत झालेला अपमान, कॉपी करताना पकडलं जाणं, प्रेमभंग, खासगी फोटो पसरणं, मित्राचा मृत्यू. शाळेने स्वतः केलेली शिक्षाही निमित्त ठरू शकते, आणि हे स्टाफला स्पष्ट सांगायलाच हवं. पालकांना बोलावण्याची चिठ्ठी हातात देऊन मुलाला एकट्याने घरी पाठवणं, ही सवय प्रशिक्षणाच्या दिवसापासूनच बंद करता येते. गंभीर शिक्षा सांगितल्यावर त्या दिवशी मुलाजवळ एक मोठं माणूस असायला हवं.

ताज्या चिन्हांवर सर्वांत जास्त वेळ द्या. मरणाबद्दल बोलणं किंवा लिहिणं ('मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल', 'आता थोडेच दिवस'), निबंधात, वहीच्या मागच्या पानावर, स्टेटसवर. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. निरोपासारखे मेसेज. अंगावर स्वतः केलेल्या जखमा, उकाड्यातही लांब बाह्या. झोप उडाल्याचं दिसणं. ज्या खेळावर जीव होता तो अचानक सोडणं. आजारी खोलीत पुन्हा पुन्हा येणं आणि पोट किंवा डोकं दुखण्याचं कारण न सापडणं. या वयात नैराश्य उदास चेहऱ्यानेच येतं असं नाही. चिडचिड, उद्धटपणा, भांडणं, बेफिकीर धाडस अशा रूपातही ते येतं, आणि मग मुलाची नोंद 'वात्रट' म्हणून होते. फार अस्वस्थ असलेलं मूल काही कारण न दिसता एकदम शांत झालं, तर सुटकेचा श्वास टाकू नका. त्या दिवशी आवर्जून बोला.

हे सगळं तोलायचं ते त्या मुलाच्या नेहमीच्या वागण्याशी, आदर्श विद्यार्थ्याशी नाही. मुळातच अबोल मुलगा अबोल राहिला तर विशेष काही नाही. बडबडी मुलगी सलग दोन आठवडे गप्प असेल तर ती खूण आहे. म्हणूनच शिपाई, ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक आणि बसमधल्या ताई प्रशिक्षणात हव्यातच. डबा न उघडणारं, शेवटच्या बाकावर एकटं बसणारं, सुट्टीत स्वच्छतागृहात रडणारं मूल त्यांना दिसतं. त्यांच्यासाठी वेगळं, सोपं सत्र ठेवू नका, सर्वांबरोबरच बसवा. फक्त लेखी भाग कमी ठेवा.

विचारल्याने विचार डोक्यात जातो ही भीती खोडून काढायला एक अभ्यास सांगा. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तो झाला, निष्कर्ष २००५ साली आले. निम्म्या मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, उरलेल्यांना नाही. विचारलेल्या मुलांचा त्रास किंवा तसले विचार वाढले नाहीत, लगेचही नाही आणि दोन दिवसांनीही नाही. ज्यांना आधीच नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांच्यातही वाढ दिसली नाही. पण नुसतं सांगून भीती जात नाही. ते वाक्य प्रत्येकाच्या तोंडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावं लागतं.

वाक्य आडवळणाचं नको. आधी जे पाहिलं ते सांगायचं, मग थेट विचारायचं: 'गेले काही दिवस तू डबा खात नाहीस, मित्रांतही दिसत नाहीस. माणसाला फार त्रास झाला की कधी कधी जीव द्यावासा वाटतो. तुझ्या मनात असं येतं का?' नंतर गप्प बसायचं. दहा सेकंदांची शांतता शिक्षकांना फार जड जाते आणि ते स्वतःच बोलू लागतात. सरावात निरीक्षकाने नेमकं हेच पाहावं. 'तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार, कारण प्रश्नानेच ते मागितलेलं असतं.

सरावाचे गट तिघांचे: एक विद्यार्थी, एक शिक्षक, एक निरीक्षक. संवादाला सहा मिनिटं, चर्चेला चार. तिन्ही भूमिका फिरल्या की अर्धा तास होतो. मग दुसरा प्रसंग घेऊन पुन्हा एकदा. पहिल्या प्रसंगात मूल बोलतं, दुसऱ्यात 'काही नाही' म्हणून टाळतं. दुसरा जास्त महत्त्वाचा. त्यात शिकायचं ते एवढंच: 'ठीक आहे, आत्ता नको. मी उद्या मधल्या सुट्टीत पुन्हा येतो', आणि जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवायचं. विद्यार्थ्याची भूमिका कुणावर लादू नका. साठ जणांच्या खोलीत जवळचं माणूस असं गमावलेलं कुणीतरी असू शकतं. हे सुरुवातीलाच सांगा, बाहेर पडायची मुभा द्या आणि दाराबाहेर बोलायला एक माणूस ठेवा. सरावाच्या कागदांत पद्धतींचं वर्णन नको, आणि तुमच्या शाळेतल्या खऱ्या मुलाशी जुळेल असा प्रसंगही नको.

किशोरचिकित्सा

मूल 'हो' म्हणालं तर, या प्रश्नापुरतं लिहितो.

पहिलं वाक्य ठरवून ठेवा, नाहीतर घाबरून उपदेश सुरू होतो. 'तू हे सांगितलंस ते फार बरं केलंस. मी इथेच आहे. आपण मिळून यातून मार्ग काढू.' एवढंच. 'आईबाबांचा तरी विचार कर', 'इतक्या लहान गोष्टीसाठी?', 'तुझ्याकडे काय कमी आहे?' ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी मुलाला अपराधी वाटतं आणि ते आवरतं घेतं. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. मूल म्हणेल, 'कुणाला सांगणार नसाल तरच सांगतो.' त्यावर उत्तर: 'वर्गात, स्टाफरूममध्ये हे जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांची गरज आहे त्यांना मला सांगावं लागेल. कुणाला आणि कसं, ते तुला विचारून ठरवू.' हे ऐकूनही बहुतेक मुलं बोलतात. वचन मोडलेलं पाहिल्यावर मात्र पुन्हा बोलत नाहीत.

शिक्षकाचं काम तीन गोष्टींपुरतं आहे: विचारणं, ऐकणं, नेऊन सोपवणं. नेणं म्हणजे चिठ्ठी देऊन पाठवणं नाही. सोबत चालत जायचं, जबाबदार व्यक्तीसमोर थोडक्यात सांगायचं आणि मुलाला विचारायचं, 'मी थांबू का?' वर्गावर कुणी नसेल तर दुसऱ्या मुलाला पाठवून शेजारच्या वर्गातून मोठ्या माणसाला बोलवायचं. धोका असलेल्या मुलाला स्वच्छतागृहातही एकटं जाऊ द्यायचं नाही. कुणीतरी बाहेर उभं राहायचं.

पुढचे प्रश्न जबाबदार व्यक्तीने विचारायचे. आत्महत्येचा धोका जोखणाऱ्या कोलंबिया मापनपद्धतीची छोटी प्रश्नावली सहा प्रश्नांची आहे, आणि वापरायला मानसोपचारतज्ज्ञ असावं लागत नाही, पण सराव लागतो. मेलेलं बरं असं वाटलं का? जीव देण्याचे विचार आले का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर पुढे: कसा, याचा विचार केला का? तसं करण्याचा इरादा आहे का? तपशील ठरवले आहेत का? सहावा प्रश्न सगळ्यांना: काही केलं आहे का, करायला सुरुवात केली का, तयारी केली का, आणि ते गेल्या तीन महिन्यांत का? चौथ्या किंवा पाचव्याला 'हो', किंवा तीन महिन्यांतलं कृत्य, म्हणजे धोका तातडीचा. त्याच दिवशी, पालक आणि शाळेचा एक माणूस सोबत घेऊन, थेट रुग्णालय. सहाव्या प्रश्नाचं 'हो' तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल, किंवा पद्धतीचा विचार आहे पण इरादा नाही, तर पालकांना त्याच दिवशी भेटायचं, तज्ज्ञाची वेळ एक-दोन दिवसांत मिळवायची आणि तोवर शाळेत रोज एक माणूस भेटेल असं ठरवायचं. नुसता 'मेलेलं बरं' हा विचारही सोडून द्यायचा नाही. समुपदेशकांच्या पुढच्याच दिवशी नाव जायला हवं. आणि उत्तरांवरून धोका कितीही कमी दिसला तरी तुमचं मन शंका घेत असेल तर वरची पायरी धरा. किशोरवयात विचार आणि कृती यांतलं अंतर कधी कधी फार थोडं असतं, त्यामुळे प्रश्नावलीचं उत्तर त्या घडीपुरतंच खरं मानायचं.

'मी असं करणार नाही' असा लेखी करार घेण्याची पद्धत काही शाळांत अजून आहे. ती सोडा. तिने संरक्षण मिळतं याला पुरावा नाही, आणि सही केलेलं मूल पुढच्या वेळी खरं सांगायला कचरतं. त्याऐवजी सुरक्षितता योजना करा. तिच्या सहा पायऱ्या मुलाच्याच शब्दांत, एका पानावर लिहायच्या: माझं बिनसायला लागलंय हे मला कशावरून कळतं, एकट्याने काय केलं की थोडं हलकं वाटतं, कुठे गेलं किंवा कुणात मिसळलं की मन वळतं, मदत कुणाकडे मागता येईल, नावासकट, कोणते तज्ज्ञ आणि कोणती हेल्पलाइन, आणि घर व परिसर सुरक्षित कसा करायचा. समुपदेशकांनी हे मुलाशेजारी बसून करायचं. 'घरी भरून आण' म्हणून दिलेला कोरा कागद ही योजना नव्हे.

सहावी पायरी पालकांची, आणि जीव वाचवण्याच्या दृष्टीने सगळ्यांत ठोस. ऊर्मीचा जोर बहुधा काही काळाने ओसरतो. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर मूल वाचतं, आणि एकदा वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू, असल्यास शस्त्रं घराबाहेर ठेवायची किंवा कुलपात. किल्ली मोठ्या माणसाच्या अंगावर, नेहमीच्या फडताळात नाही. 'लक्ष ठेवा' असं मोघम सांगू नका, एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा आणि संध्याकाळी फोन करून झालं का ते पाहा.

वर्गशिक्षिका_नववी

दोन अडचणी वारंवार येतात, त्या इथे नीट सुटल्या तर प्रशिक्षणात घेता येतील. पालक म्हणतात, 'नाटक करतोय, परीक्षा टाळायची आहे', आणि मुलाला न्यायला येतच नाहीत. दुसरी, रात्री अकरा वाजता वर्गातल्या मुलीचा मेसेज येतो: 'मॅडम, सगळ्यासाठी थँक्यू.' जबाबदार व्यक्ती तेव्हा कुठून आणायची?

किशोरचिकित्सा

मॅडम, पालकांशी निदानाची भाषा करू नका आणि वादही घालू नका. जे ऐकलं ते मुलाच्या शब्दांत सांगा आणि मागणी एकच ठेवा: 'तो आज म्हणाला, मला जगायचं नाही. हे खरं की खोटं, ते मी किंवा तुम्ही ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या. आज संध्याकाळपर्यंत त्याला दाखवायचं आहे. तोवर तो आमच्याजवळ आहे, तुम्ही या.' लक्ष वेधण्यासाठी करत असेल तरी त्याला मदत हवीच आहे, हे एक वाक्य बऱ्याच पालकांना पटतं. तरीही नकार आला तर मुख्याध्यापकांनी लेखी कळवायचं, पोच घ्यायची आणि बालसंरक्षण यंत्रणेला सांगायचं. धोका तातडीचा असेल तर पालकांची वाट न पाहता रुग्णालयात न्यायचं.

एक अपवाद प्रशिक्षणात ठासून सांगा. त्रास देणारी व्यक्ती घरातलीच असेल तर त्याच व्यक्तीला फोन करायचा नाही. त्यासाठी फोनच्या आधी मुलाला विचारायचं, 'हे घरी कळलं तर काय होईल? घरात कुणावर तुझा विश्वास आहे?' अत्याचाराची माहिती मिळाली तर पुढचा मार्ग वेगळा, कायद्याने ठरलेला.

रात्रीच्या मेसेजला फोनच करायचा, उलट मेसेज नाही. तिने उचलला तर थेट विचारा: 'तू जीव देण्याचा विचार करते आहेस का? आत्ता कुठे आहेस? जवळ कोण आहे?' फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून पालकांना सांगा. उचलला नाही तर लगेच पालक, तेही मिळाले नाहीत तर आपत्कालीन सेवा किंवा पोलीस. पालकांचे दोन आणि शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा एक असे तीन क्रमांक प्रत्येक वर्गशिक्षकाकडे वर्षाच्या सुरुवातीलाच हवेत. मेसेज पुसू नका, ग्रुपवर टाकू नका. शिक्षक चोवीस तास उपलब्ध असतील असं मुलांना वाटू देणं मात्र योग्य नाही. शाळेबाहेरच्या वेळी कुणाला फोन करायचा, ते मुलांच्या ओळखपत्रामागेच छापा.

मोजपट्टी

प्रश्नावलीबद्दल आणि एकूण परिणामाबद्दल लिहितो. प्रशिक्षणाकडून काय अपेक्षा धरायची ते आधीच कळलेलं बरं.

अमेरिकेतल्या ३२ शाळांत 'क्यूपीआर' प्रकारच्या प्रशिक्षणाची चाचणी झाली. विचारा, मदतीसाठी राजी करा, पुढे सोपवा, असं त्याचं स्वरूप. २००८ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर स्टाफची माहिती आणि आत्मविश्वास भरपूर वाढलेला होता. मुलांना प्रत्यक्ष विचारण्याचं प्रमाण मात्र मुख्यतः आधीपासूनच मुलांशी अशा विषयांवर बोलणाऱ्यांतच वाढलं. त्याच अभ्यासात आणखी एक अवघड गोष्ट दिसली: आधी प्रयत्न केलेली मुलं मोठ्यांना सांगायला इतरांपेक्षा कमी तयार होती. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, तीच आपण होऊन येत नाहीत.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, साठही जणांना मूलभूत तीन तास द्या, पण त्यातले ज्यांच्याकडे मुलं आपसूक जातात असे आठ-दहा जण हुडका आणि नंतरचा एक तास त्यांच्यावर खर्च करा. ते कोण हे स्टाफला नका विचारू, मुलांना विचारा. निनावी चिठ्ठीवर एकच प्रश्न: 'मोठी अडचण आली तर शाळेत कुणाशी बोलशील?' तीच नावं पुन्हा पुन्हा येतील. कोऱ्या चिठ्ठ्याही मोजा, त्याही बरंच सांगतात.

दुसरी गोष्ट, नुसत्या स्टाफला शिकवून थांबू नका. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, ११,११० विद्यार्थ्यांवर 'सेली' नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात तीन उपायांची नियंत्रण गटाशी, म्हणजे यांतला कोणताही उपाय न दिलेल्या गटाशी, तुलना होती: शिक्षकांचं क्यूपीआर, प्रश्नावलीवरून तज्ज्ञांनी केलेली छाननी आणि मुलांसाठीचा 'याम' हा कार्यक्रम. यामचे पाच तास चार आठवड्यांत विभागलेले होते, त्यातले तीन तास भूमिकानाट्याचे. बारा महिन्यांनी नव्या आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण नियंत्रण गटात १.५१ टक्के, याम गटात ०.७० टक्के होतं. क्यूपीआर आणि छाननीच्या गटांत नियंत्रण गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ शिक्षकांचं प्रशिक्षण वाया जातं असा नाही. मूल बोलायला आलं तर समोरचा माणूस तयार हवाच. पण मुलं बहुतेक वेळा आधी मित्राला सांगतात, आणि त्या मित्राला 'हे गुपित ठेवायचं नाही, मोठ्यांपर्यंत न्यायचं' हे शिकवलं नसेल तर स्टाफची तयारी तशीच पडून राहते.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तो थेट आत्महत्येवर नव्हता, शाळेतलं वातावरण आणि मुलांचं मानसिक आरोग्य हा त्याचा विषय. तोच कार्यक्रम एका गटात या कामासाठी प्रशिक्षण दिलेले, पण व्यावसायिक नसलेले समुपदेशक राबवत होते, दुसऱ्यात शिक्षक. पहिल्या गटात वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या गटात नियंत्रण गटापेक्षा वेगळं काही दिसलं नाही. पूर्ण वेळाचं अध्यापन सांभाळून हे जास्तीचं काम शिक्षकांवर टाकण्याआधी व्यवस्थापनाने हा निष्कर्ष वाचायला हवा. दोन दिवसांचा समुपदेशक पाच दिवसांचा करा, ही मागणी त्याच्या आधारे करता येते.

आता सरसकट प्रश्नावली. ती वाईट नाही, पण तिची अट कडक आहे: भरलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी, मुलं घरी जाण्याआधी वाचला गेला पाहिजे आणि धोका दाखवणाऱ्या प्रत्येक मुलाशी त्याच दिवशी कुणीतरी बोललं पाहिजे. तुमच्याकडे समुपदेशक दोन दिवस. मग एका वेळी एकच तुकडी घ्या, तीही समुपदेशक हजर असतील त्या दिवशी, सकाळी. सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच नाही. पालकांची संमती आधी. यादीत बरीच मुलं अशीही येतील ज्यांना तातडीचा धोका नाही, आणि काही धोक्यातली मुलं 'नाही' लिहून निसटतील. एवढं पेलवत नसेल तर प्रश्नावली नको. धोका कळूनही काहीच केलं नाही, ही अवस्था न विचारण्यापेक्षा वाईट.

प्रशिक्षण कसं झालं हे अभिप्राय-फॉर्मवरून ठरवू नका. सगळे 'खूप छान' लिहितात. तीन आणि सहा महिन्यांनी मोजा: किती जणांनी एखाद्या मुलाला थेट विचारलं, जबाबदार व्यक्तींकडे किती नावं आली, नाव आल्यापासून पालकांशी बोलणं होईपर्यंत किती तास गेले, ठरलेल्या भेटीला किती मुलं प्रत्यक्ष गेली. कौशल्य काही महिन्यांत बोथट होतं, म्हणून दर सहा महिन्यांनी अर्धा तास फक्त सराव, व्याख्यान नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी पहिल्याच महिन्यात.

मधली_सुट्टी

दोन विषय राहिले. रुग्णालयातून परतलेलं मूल शाळेत येण्याच्या आदल्या दिवशी बैठक घ्या: मूल, पालक, वर्गशिक्षक, समुपदेशक. घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. बुडालेल्या परीक्षांचं काय, वर्गात कुणी विचारलं तर मुलाने कोणतं वाक्य म्हणायचं, जड वाटलं तर काहीही न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा कशी द्यायची, हे तिथेच ठरवा. विषयशिक्षकांना इतकंच कळवा: 'तब्येतीमुळे सवलत आहे, अडचण दिसली तर अमुक व्यक्तीला सांगा.' निदान सांगायची गरज नाही.

आणि शाळेत मृत्यू घडलाच तर पहिल्या २४ तासांत स्टाफने काय करायचं, याचं एक पान आत्ताच तयार ठेवा. सभेत किंवा ध्वनिवर्धकावरून जाहीर करायचं नाही, प्रत्येक वर्गात ओळखीच्या शिक्षकाने लहानसा, सारखाच मजकूर वाचायचा. पद्धत, जागा, चिठ्ठी यांचा उल्लेख नाही. एकच कारण सांगायचं नाही, 'नापास झाला म्हणून' असं म्हटलं की तशाच परिस्थितीतल्या मुलाला तो मार्ग दिसतो. मृत मुलाचं नायकीकरण किंवा बदनामी, दोन्ही नको. शोक इतर कोणत्याही विद्यार्थ्याच्या मृत्यूसारखाच पाळायचा, आवारात कायमचं स्मारक उभारायचं नाही. जवळचे मित्र, तोच आघात झालेली मुलं आणि आधी प्रयत्न केलेली मुलं यांना त्याच दिवशी एकेकटं भेटायचं.

उपक्रम_समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. प्रस्तावना १५ मिनिटांवर आणली आणि जबाबदार व्यक्तींचं वेळापत्रक बसवायला घेतलंय. चिठ्ठीचा प्रयोग प्रशिक्षणाआधीच करतो. ओळखपत्रामागे लावायचं स्टाफचं कार्ड असं लिहिलंय, तपासाल का?

'जे दिसलं ते सांगा. थेट विचारा: जीव द्यावासा वाटतो का? ऐका, उपदेश नको. गुप्ततेचं वचन नको. एकटं सोडू नका. समुपदेशकांना फोन करा. घरी जाण्यापूर्वी नोंद करा.'

किशोरचिकित्सा

दोन बदल करा. 'समुपदेशकांना फोन करा' यावर शिक्षक फोन लावतील, उचलला गेला नाही तर काम झालं असं समजतील. तिथे लिहा: 'जबाबदार व्यक्तीकडे सोबत चालत जा. पहिली नसेल तर दुसरी', आणि दोन्ही नावं क्रमांकासह छापा. नोंदीच्या ओळीत 'मुलाचेच शब्द, वेळ, कुणाला सोपवलं' एवढं घाला. 'नैराश्य वाटलं', 'लक्ष वेधतो आहे' असे शेरे त्या नोंदीत नकोत, आणि ती हजेरीपटात किंवा वर्गाच्या कपाटात ठेवायची नाही, जबाबदार व्यक्तीच्या कुलपात.